सराव शाळेतली चौथी

साठ सालच्या आसपास मी अकोल्याला प्राथमिक शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होते. आमच्या विद्यालयाचा निकाल दर वर्षी उत्तम लागे. त्याचं खरं श्रेय शेजारच्या सराव शाळेतल्या चौथीच्या मुलींचं होतं, पण ते त्यांना कोणी दिलं नाही.

पद्धत अशी होती. वर्षभर त्या चौथीवर आम्ही सराव पाठ घ्यायचो आणि शेवटी त्याच वर्गावर परीक्षेचा वार्षिक पाठ. पाठाआधी वहीत टाचण काढायचं. सुरुवातीला दोन-चार प्रश्न, मग ‘आज आपण अमुक शिकू’ असं सांगायचं, त्याला हेतू म्हणायचे, मग शिकवणं, शेवटी फळ्यावर सारांश. टाचणं आणि तक्ते मागची बॅच पुढच्या बॅचला देऊन जाई. माझ्या वाट्याला ‘कापूस’ आला आणि त्यासोबत खोक्यात जपलेलं एक बोंड. ते किती बॅच जुनं होतं कोण जाणे, चहात बुडवल्यासारखं तांबूस झालं होतं. मी टाचण सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि निर्धास्त झाले.

निर्धास्त असणं मला परवडणारं नव्हतं. तेल्हाऱ्याच्या मुलींच्या शाळेत माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. पास झाल्याचा दाखला दाखवला की रुजू. इकडे मोठ्या भावाने शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बगीचेवाल्यांचं एक स्थळही धरून ठेवलं होतं. “दाखला नाही आला तं बगीच्यात संत्री तोडजो,” तो म्हणाला होता. थट्टेत म्हणाला, पण पत्रिका खरोखर गेली होती.

वार्षिक पाठाला अमरावतीहून परीक्षक बाई आल्या. मागच्या बाकावर बसल्या. माझाच पाठ पहिला.

“मुलींनो, आपण अंगावर काय—”

“कापड!”

“आणि हे कापड कशापा—”

“सुताचं! सूत कापसाचं!”

माझे चारही प्रश्न एका दमात संपले. मी गडबडले आणि एकदम बोंडच वर काढलं. पहिल्या बाकावरची पोर दबक्या आवाजात म्हणाली, “बाई, हेतू राह्यला.”

शेजारची तिला म्हणाली, “चूप ना. घाबरून राह्यली ते.”

तिसरीने धीर दिला, “तक्ता मंग लावजा बाई, आधी बोंडच असते.”

परीक्षक बाई मोठ्याने हसल्या. हसू आवरल्यावर पुढे येऊन त्यांनी मुलींना विचारलं, “हा पाठ किती वेळा ऐकला गं?”

“या साली पाच डाव. तिसरीत होतो तवा चौथीसंगंच बसत होतो, ते वेगळे.”

“सगळ्यात चांगला कोणी घेतला?”

“मागच्या वर्षीच्या जाड्या बाईनं,” सगळ्या एकसुरात म्हणाल्या.

परीक्षक बाई आमच्या मोठ्या बाईंकडे वळल्या. “वर्ग बदला.”

“ऐन वेळी? मुली कुठून आणू?”

“रस्त्यापलीकडे शाळा दिसली मला.”

पलीकडची चौथी येईपर्यंत मी व्हरांड्यात उभी होते. माझी खोलीसोबतीण कानाशी येऊन म्हणाली, “आता तुहा बगीचा पक्का.”

नवा वर्ग बसला. मी पुन्हा विचारलं, अंगावर काय घालता? पोरी आपापल्या अंगाकडे बघू लागल्या. शेवटी एक म्हणाली, “झगा.”

“झगा कशाचा?”

“मायच्या लुगड्याचा.”

टाचणात ‘कापड’ एवढंच उत्तर होतं. लुगड्यावरून कापसाकडे कसं जायचं ते लिहिलेलं नव्हतं. मी वही मिटली आणि बोंड दाखवलं.

“हे कवाचं व्हय बाई? लयच जुनं दिसते.”

“जुनंच आहे. तुमच्यापैकी कापूस वेचायला कोण जातं?”

अर्ध्याहून जास्त हात वर झाले. मी शहरात वाढलेली, कापूस मी गाडीत भरलेलाच पाहिला होता. म्हणून मनापासून विचारलं, “सकाळीच का वेचतात?”

“दुपारी पाला वाळते ना. चुरा होऊन कापसाले चिकटते. सकाऊन दयवर असते, दवानं पाला नरम राह्यते.”

“अन् बोटाले टोचत बी नाही लय,” दुसरी म्हणाली. मग त्यांची आपसातच जुंपली. मी मधे मधे फळ्यावर लिहीत गेले. हेतू सांगायचा या वेळीही राहिला.

मुली गेल्यावर परीक्षक बाईंनी माझी वही उघडली. “टाचण कोणाचं?”

“अक्षर माझं आहे.”

“ते दिसतंय.”

“मागच्या बॅचचं. त्यांच्याकडेही मागच्यांकडूनच आलं.”

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “पहिल्या वर्गावरचे गुण देत नाही. दुसऱ्यावरचे देते. फळ्यावरचं अक्षर वाकडं होतं, ते सुधार.”

काठावर पास झाले. बाकी साऱ्यांचेही पाठ पलीकडच्या मुलींवरच झाले, तिघींना ते पुन्हा द्यावे लागले, आणि निकाल पहिल्यांदाच खाली आला. खोलीसोबतीण त्या तिघींपैकी होती. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. भावाने पत्रिका परत मागवली.

निघताना ते बोंड मी खोक्यातून काढलं आणि विद्यालयामागच्या खड्ड्यात टाकून दिलं. हंगामात तेल्हाऱ्याला ‘कापूस’ शिकवायची वेळ आली, तेव्हा वर्गाला म्हटलं, येताना एकेक बोंड आणा. दुसऱ्या दिवशी पोरींनी झग्यांचे ओचे भरभरून बोंडं आणली. टेबलावर जागा उरली नाही, हजेरीपट मांडीवर घेऊन हजेरी घ्यावी लागली.