सकाळी अडवलेली सही

मालवणच्या एका खाजगी रुग्णालयात संचिता केळुसकर वीस वर्षं रक्त तपासते. रक्तातला प्राणवायू मोजणारं मशीन महिन्यापूर्वी आलं आणि पहिल्याच पडताळणीत नापास झालं. प्राणवायूचा आकडा आधीच ठाऊक असलेला द्रव घातला, तरी प्राणवायू दरवेळी जास्तच दिसत होता.

कंपनीचा इंजिनियर सकाळीच फोनवर म्हणाला, "मॅडम, आकडा थोडा खाली ओढा आणि पास म्हणून सही करा."

रागावली की संचिताची ऑफिसातली भाषा सुटून मालवणी येते. "मी सही करूचंय नाय," म्हणून तिने फोन ठेवला. डॉक्टर चिडले, तरी तिने मशीन बंदच ठेवलं.

मग तिने स्वतःचीच झडती घेतली. तिची आई मासे विकायची. गिऱ्हाईक येईपर्यंत बर्फातलं काही बाहेर काढायचं नाही, ही घरची शिस्त. द्रवाच्या कुप्याही ती फ्रिजमधून ऐनवेळी काढत होती, आणि थंड द्रवात प्राणवायू जास्त राहतो.

नव्या कुप्या तिने दुपारपर्यंत टेबलावर ठेवल्या. मशीन पास झालं.

"रजिस्टरात लिहा, मशीन बिघडलं होतं," डॉक्टर म्हणाले. "उगाच तुमचं नाव कशाला?"

तिने ठळक अक्षरांत लिहिलं, 'मशीन ठीक. चूक माझी.'

"आता करतंय सही," ती म्हणाली, आणि पूर्ण नाव घातलं.