आमच्या घरी कधी दुभाषी लागली नाही

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, आणि सांगताना स्वतःचाच इतका राग येतोय की दोनदा लिहून खोडलं.

जर्मनीतलं आमचं शहर म्हणजे स्वतःच एक राज्य; इथे मंत्र्याला सिनेटर म्हणतात. मी अर्थखात्याच्या सिनेटरच्या कार्यालयात काम करते; आरोग्यखर्चाचे कागद माझ्याकडे असतात. साहेब जुन्या वळणाचे, पुराणमतवादी पक्षाचे. कर वाढवायचा नाही, कर्ज काढायचं नाही — मग उरतं काय? कात्री. पण माणूस वाईट नाही हो. प्रत्येक ओळ स्वतः वाचतात, समजलं नाही तर विचारतात. त्यांनी त्या दिवशी मला विचारलं नसतं तर — नाही, हे त्यांच्यावर ढकलण्यात अर्थ नाही.

आधी सासूबाईंचं सांगायला हवं. सासरे गेल्यावर त्या नाशिकहून आमच्याकडे राहायला आल्या. पुढे त्यांना सारखा थकवा यायला लागला. डॉक्टरांकडे मीच न्यायची, भाषांतरही मीच करायची. डॉक्टर दहा प्रश्न विचारायचे आणि आई माझ्याकडे बघत एकच उत्तर द्यायच्या, "काही नाही गं, वय झालं." मी तेच जर्मनमध्ये सांगायची. मग एकदा हॉस्पिटलने स्वतःहून दुभाषी बोलावली. इंदूरच्या बाई, गोड मराठी बोलणाऱ्या. मला तर अपमानच वाटला — मी असताना यांची काय गरज? तेवढ्यात ऑफिसचा फोन आला म्हणून बाहेर गेले. दहा मिनिटांनी परत येते तर आई रडत होत्या. आठ महिने अंगावरून जात होतं त्यांच्या. सुनेसमोर ते कसं बोलायचं? त्या परक्या बाईंना मात्र त्यांनी सगळं सांगून टाकलं. वेळेत ऑपरेशन झालं. आई आज आहेत, ते त्या दहा मिनिटांमुळे.

म्हणजे मला माहीत होतं. वाचून नाही, ऐकून नाही — माझ्या घरात घडलं होतं!

पुढच्या वर्षी बजेटच्या बैठकीत ती ओळ आली: हॉस्पिटलमधल्या दुभाष्यांचा खर्च. टेबलाभोवती आम्ही नऊजण, त्यात दुसऱ्या देशातून आलेली मी एकटी. साहेबांनी चष्मा काढला आणि अगदी सरळ मनाने विचारलं, तुमच्या घरी कधी लागली का दुभाषी?

एका शब्दाचं काम होतं. आणि मी काय म्हणाले? "नाही. आमच्यात लोक भाषा शिकतात." वर हसलेसुद्धा. कुणी दबाव आणला होता? नाही. नोकरी जाणार होती? मुळीच नाही. मला त्या टेबलावर त्यांच्यातली दिसायचं होतं, बस. "गेनाऊ!" शेजारचा म्हणाला, अगदी बरोबर — आणि ते ऐकून मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

दुभाष्यांचे पैसे बंद झाले. सभागृहातल्या भाषणात साहेबांनी माझं वाक्य वापरलं: भारतातून आलेली माझी एक सहकारी सांगते, वगैरे. नवऱ्याला असल्या भाषणांचा कंटाळा, ते माझ्या पथ्यावर पडलं. पण आईंना त्या भाषणाचा व्हिडिओ दाखवायची दुर्बुद्धी मलाच झाली. मागच्या रांगेत मी दिसत होते ना! आई कौतुकाने पुढे सरकल्या. "अगं मृदुला, काय म्हणताहेत गं तुझे साहेब?"

"तुमच्या सुनेचं कौतुक करताहेत," मी म्हणाले. त्यांनी माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

यंदा मी ती ओळ पुन्हा घालून पाहिली. टिपण लिहिलं, चांगलं चार पानी. साहेबांनी ते शांतपणे वाचलं आणि माझंच वाक्य मला ऐकवलं. तेव्हा तरी खरं बोलायला नको होतं? तोंड उघडलंसुद्धा. मग कागद गोळा केले आणि जागेवर येऊन बसले.

परवा आईंची तपासणी होती. आत शिरल्याबरोबर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "त्या इंदूरच्या बाई नाहीत का गं आज?"

"आता येत नाहीत त्या." का, ते मी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, पुन्हा काही त्रास होतोय का? मी मराठीत विचारलं. आईंनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काही नाही गं, वय झालं."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. डॉक्टर पेन हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी ते जर्मनमध्ये सांगितलं.