वाजणारं भिंग

वस्तू कानाशी धरून तिचं दुखणं ओळखणारा माणूस मी जगात एकच पाहिला आहे, आणि तो माझा सख्खा मामा आहे, यावर माझा अजूनही पुरता विश्वास बसत नाही. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी. अलिबागला भौतिकशास्त्र शिकते, त्यामुळे चौलला मामांकडे गेले की ते मला 'कॉलेज' म्हणून हाक मारतात, वस्तूंच्या डॉक्टरांच्या बैठकीत बसवल्यासारखं समोर बसवतात आणि एखादा बंद पंखा माझ्या कानाशी आणून विचारतात, "काय म्हणतोय?" मला पंखा कधीच काही म्हणत नाही. मामांना मात्र तो सगळं सांगतो.

एकदा शेजारच्या लग्नात ते पाहुणे म्हणून गेले होते. मंगलाष्टकं चालू असताना कर्ण्यात खरखर होतेय हे त्यांच्या कानांनी टिपलं. मामा उठले, मांडवाच्या मागे गेले आणि त्यांनी यंत्रच उघडलं. शेवटची दोन मंगलाष्टकं कुणालाच ऐकू आली नाहीत. भटजींचा हात वर गेला तसा लोकांनी अंदाजाने अक्षता टाकल्या. वधूचे वडील चिडले, तर मामा म्हणाले, "लगीन लागलं ना? मग! पण खरखर तशीच ऱ्हायली असती तर जन्मभर कानात ऱ्हायली असती." दुरुस्त केलेली वस्तू ते लगेच परतही देत नाहीत. ती "निगराणीखाली" ठेवतात. शेजारणीचा मिक्सर त्यांच्याकडे असा राहिला, की मामीने त्यावर चटण्या वाटल्या, लाडवांचं पीठ केलं आणि शेजारीण शेवटी स्वतःच्याच मिक्सरमधली चटणी मागायला वाटी घेऊन आली. ती वाटीही परत गेली नाही, कारण मामांकडे प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवायची पद्धत आहे. काम निघालं की घरातल्या सगळ्या वाट्या ओटीवर रांगेत मांडलेल्या असतात, आणि आम्ही आमटी चहाच्या कपातून पितो.

अशा माणसाने एकच काम वर्षानुवर्षं टाळलं होतं. मामीचे वडील रेवदंड्याला फोटो काढायचे. त्यांचा लाकडी पेटीचा कॅमेरा आणि त्याचं पितळी भिंग मामीबरोबर या घरात आलं. भिंगाच्या आतली एक काच सैल झाली होती. हलवलं की टक, टक वाजायचं. मामी ते तांदळाच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवायची, आणि मामा त्या डब्याजवळून जाताना माझ्या मते थोडे जलद चालायचे. "फुटलं तर बाबा दुसऱ्यांदा जातील," असं मामी एकदा म्हणाली होती. ते वाक्य मामांच्या हातांवर बसलं होतं.

आणि मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले आणि थंडी वाजतेय म्हणू लागले. आमच्याकडे, समुद्राकाठी, भर उन्हात! या दिवाळीला मी गेले तेव्हा मामीने सकाळीच भिंग आणून त्यांच्यासमोर ठेवलं.

"अवो, हात हाय तवर करा."

"फुटलं तर?"

"डब्यात ठेवून तरी कुटं जितं हाय?"

मामांनी भिंग उचलून एकदा कानाशी धरलं. मग म्हणाले, "बाय, वाट्या आण."

काच धरून ठेवणारी पितळी रिंग अर्धवट सुटून, खाऱ्या हवेने हिरवी पडून तशीच अडकली होती. मामांनी भिंग उन्हात तापवलं. जुन्या चपलेचं रबर गोल कापून रिंगेवर दाबलं. हात थरथरत होता. मला बघवेना. मी भीत भीत म्हटलं, "मामा, थोडं थांबू या का? हात शांत झाला की..."

"रेवसच्या जेट्टीवरनं होडीत पाय कसा टाकतेस? होडी थांबायची वाट बघतेस?"

"नाही. वर आली की टाकते."

"मग!"

ते आपल्याच हाताकडे लाटेकडे बघावं तसे बघत राहिले. आणि एका क्षणी, तो मला कळलाही नाही, त्यांनी रबर फिरवलं. रिंग सुटली. मी कितीतरी प्रयोग केले आहेत, पण असा श्वास रोखून कधी उभी राहिले नव्हते.

काच बाहेर आली. वर कुठली बाजू हे कळावं म्हणून मामांनी तिच्या कडेला पेन्सिलीने बाण काढला आणि पाणी प्यायला आत गेले. तेवढ्यात मामीने ती काच उचलली. सणाला देव धुते तशी रिठ्याच्या पाण्यात धुतली, मऊ फडक्याने टिपली आणि हळदीकुंकवाच्या तबकात ठेवली. काच लखलखत होती. बाण गेला होता.

मामा आले, बघितलं, आणि खालीच बसले. "कॉलेज, कुठली बाजू वर?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. मग धीर करून म्हटलं, "पण दोन्ही बाजूंनी लावून बघता येईल."

म्हणजे थरथरत्या हाताची ती होडी पुन्हा गाठायची. मामा हसले. "चला."

एक बाजू वर ठेवून मामांनी काच बसवली, भिंग कॅमेऱ्याला लावलं. पहिल्यांदा ते वाडीत सुपारीखाली बाकावर बसले आणि मामी काळ्या कापडाखाली शिरली. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर चित्र उलटं पडतं. "अगो, डोक्यावर उभं हायेत!" ती ओरडली. "पन सगळं धुकं हाय." मामांनी पुन्हा रिंग सोडली, हात वर यायची वाट पाहिली, काच उलटी केली, रिंग बसवली. भिंग माझ्या कानाशी धरून हलवलं. काहीच वाजलं नाही. पहिल्यांदाच त्यांच्या वस्तूने, न वाजता, माझ्याशीही बोलायचं ठरवलं होतं.

मामी पुन्हा कापडाखाली गेली. सुपारीची झावळी हलत राहिली. मामांना धीर धरवेना.

"काय दिसतंय गो?"

"तुमचा हात हलतोय," आतून आवाज आला.

मामांनी पटकन उजवा हात डाव्याखाली लपवला.

"ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाली. "काढा भायेर. बाबांच्या काचेतनं बघतेय मी."

मामांनी हात बाहेर काढून गुडघ्यावर ठेवला. तो थरथरत होता, आणि त्यांनी तो थरथरू दिला. मामी त्या कापडाखालून बराच वेळ बाहेर आली नाही.