पाण्याआधीचा थांबा

येरमाळ्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात मी चहाची बशी तोंडाला लावली होती, ती तशीच राहिली. टेपवर कुणीतरी अनोळखी गायक लग्नाचं गाणं म्हणत होता. ऑर्गन, ड्रम, सगळा नव्या कॅसेटवाल्यांचा धांगडधिंगा. पण ओळीचा शेवटचा शब्द यायच्या आत सगळी वाद्यं एकदम गप्प झाली. दोन मात्रा काहीच वाजलं नाही. मग तो शब्द आला आणि त्यावर ढोलकीची थाप पडली. हे तर आमच्या आबांचं होतं!

हॉटेलवाल्याने कॅसेट बदलली. दुसरा गायक, दुसरं गाणं, आणि "साजणी" म्हणायच्या आधी तोच थांबा. तिसऱ्या कॅसेटवरही तेच. चाली वेगळ्या, शब्द अगदीच पांचट, पण गाणं बांधायची तऱ्हा आबांचीच. भूमची गाडी लागली, कंडक्टरने दोनदा आवाज दिला, तरी मी बाकड्यावर बसूनच राहिले.

आबा म्हणजे माझे वडील. बहात्तरच्या दुष्काळात आमचं सगळं घर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतं. दिवसभर हातोडा चालवायचा, सरकारने वाटलेली सुकडी खायची आणि संध्याकाळी बुद्धविहारासमोर गाणी म्हणायची, अशी आबांची गायन पार्टी उभी राहिली. पेटी आणि आवाज आबांचा, ढोलकीवर माझे चुलते, आणि मागे आम्ही दोघी-तिघी कोरसला. पुढे गावोगावच्या जयंतीला आमची पार्टी जायची. दूध सोसायटीचं उद्घाटन असो की कारखान्याचा बॉयलर पेटायचा असो, आबांशिवाय कार्यक्रम नसायचा.

त्यांचं एक गाणं लोक पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. "डोईवर हंडा, पायात काटा, सांग माझ्या गावाला कधी येईल पाणी." ही लांबलचक ओळ आबा चढवत न्यायचे, "कधी येईल" म्हणून थांबायचे आणि मान बाजूला वळवायचे. चुलते ढोलकीवर पंजा दाबून धरायचे. समोरची हजार माणसं चिडीचूप. मग "पाणी" यायचं, अगदी हळू, आणि बाया पदर डोळ्याला लावायच्या. आमच्या शाळेचे हेडमास्तर म्हणायचे, "पाणी म्हणायच्या आधी गळा कोरडा पडतो, हे ह्या माणसाला बरोबर कळलंय." ते ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, इतका अभिमान वाटला होता.

ही तऱ्हा कॅसेटात गेली कशी, हे मला हॉटेलात बसल्या बसल्याच उमगलं. मीच दिली होती. माझा मामेभाऊ साखर कारखान्यात नोकरीला होता आणि गाण्याच्या नादात सोलापूरला जाऊन कॅसेट काढणार होता. तो माझ्याकडे शिकायला आला. मी प्राथमिक शाळेतली बाई, शिकवायचं म्हटलं की फूटपट्टी हातात येतेच. "थांब! इथं थांब!" म्हणून मी त्याला एका दुपारी चाळीस वेळा ती ओळ घोटायला लावली. तो वैतागला. "आक्का, चांगली सलग जाती की, कशाला तोडू?" मी त्याच्या गुडघ्यावर पट्टी हाणली. म्हटलं, आबांची सगळी कला ह्या दोन मात्रांत आहे, गाढवा. त्याची कॅसेट चालली आणि त्याचं बघून बाकीच्यांनी उचललं.

मला राग यायला हवा होता, पण ऊर भरून आला. कारण आबांनी गाणं सोडून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. छातीने साथ सोडली होती. जयंतीच्या वर्गणीला येणारी नवी पोरं त्यांना नुसतं "म्हातारं" म्हणायची. आपण काही केलं होतं हे आबा स्वतःही विसरत चाललेत, ही गोष्ट मला आत कुठेतरी खात होती. त्यांच्या कानावर एकदा पडलं पाहिजे की त्यांचं गाणं अजून चालू आहे, एवढंच माझ्या मनात होतं. मी मामेभावाची कॅसेट विकत घेतली, शेजाऱ्याचा टेप मागून आणला आणि घरी आबांच्या बाजेजवळ ठेवला.

आबा कान देऊन ऐकत होते. थांबा आला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता हसतील, आता हसतील. ते ताडकन उठून बसले.

"बंद कर," ते म्हणाले. "ह्या पोराला काय झालंय? छाती दाखवली का त्याची?"

"कुणाची छाती, आबा?"

"मधीच दम तुटतोय त्याचा. कारखान्यात कसली धूळ जाती का नाकात?"

"दम तुटत न्हाय, आबा. तुमच्यावानी थांबतोय त्यो. तुमचीच कला हाय ती. म्याच शिकवली."

आबा म्हणाले, "ती कला न्हवती. खोकला व्हता."

मी बाजेच्या कडेवर बसले. आबा सावकाश, थांबत थांबत सांगू लागले. खडीची धूळ पहिल्याच वर्षी छातीत बसली. त्या लांब ओळीला दम पुरेना. "येईल"पाशी खोकल्याची उबळ यायची. गाणाऱ्याला खोकला लागलाय हे कळलं तर कुणी बोलवणार नाही, म्हणून चुलत्यांनी युक्ती काढली. उबळ आली की आबांनी मान वळवून ती गिळायची आणि चुलत्यांनी ढोलकी दाबायची. लोकांना वाटेल मुद्दामच आहे. लोकांना तसंच वाटलं. हेडमास्तरांना वाटलं, आणि मलाही.

घरात आबा खोकायचे, पण तेव्हा खडी फोडलेलं कोण खोकत नव्हतं? स्टेजवर मात्र ते कधी खोकले नाहीत. मी याचीही फुशारकी मारायची. कोरसला मी त्यांच्या पाठीमागे बसायची, त्यांची पाठ थरथरताना मला दिसायची, आणि मला वाटायचं, किती रंगून गातात माझे आबा! माझी मलाच लाज वाटली. बापाचं दुखणं मी पट्टी मारून मारून एका धडधाकट पोराच्या गळ्यात उतरवलं होतं, आणि आता ते हॉटेलाहॉटेलात वाजत होतं.

"मला का न्हाय सांगितलं, आबा?"

"तू लई खुशीत सांगत फिरायचीस," ते म्हणाले. "जीवावर आलं."

मी रडायला लागले. ते त्यांना आवडलं नाही. बाजेवर हात आपटून म्हणाले, "रडती काय? ती ओळ म्हण. न थांबता म्हण. मला ती कुणाच्या तोंडून सलग ऐकायचीय."

मी डोळे पुसले आणि म्हणायला लागले. "येईल"पाशी माझा आवाज आपोआप थांबला. दम भरपूर होता, तरी गळा पुढे जाईना. पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबले. आबांनी नुसतं बोटाने "पुन्हा" अशी खूण केली. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले आणि सगळी ओळ एका झोकात "पाणी"पर्यंत नेली. दुष्काळाचं रडगाणं म्हणून जे मी इतकी वर्षं ऐकलं होतं, ते सलग म्हटल्यावर भांडायला उठल्यासारखं वाटलं. कुणाला तरी कॉलर धरून विचारल्यासारखं.

डोळे उघडले तेव्हा आबांचे गाल ओले होते.

"असंच व्हतं ते," ते म्हणाले. "म्या रचलं तवा असंच व्हतं."