फुंक मार

“फुंक मार,” मुकादम म्हणाला.

घोलवडच्या चिकूवाडीत टेम्पो भरत होतो. माझ्या हातून क्रेट निसटलं. हात कापत होते. सगळ्या बाया बघत होत्या.

“पिऊन आलीस. तोंड उघड.”

मी उघडलं. त्याच्या नाकाशी तोंड नेऊन फुंकर मारली. दोनदा. दारूचा थेंब कधी जिभेला लावला नाही, तरी मारली.

“मग नाटकं कसली करते?”

बाया हसल्या. मीही हसले. ते हसू मला अजून खातं.

आम्ही सुरगाण्याकडचे. पोटासाठी इथे आलो. चार वर्षांची पोर आईपाशी ठेवली. इथे वाडीतच पत्र्याची खोली. मालकाच्या मनात आलं की रिकामी करायची. गावाकडून फोन आला की छाती धडधडायची. पोरीला काही झालं का? झोप उडाली. अन्न जाईना. मग हात कापायला लागले.

आई म्हणाली, गावदेवाला न विचारता शीव ओलांडलीस, त्याची बाधा. मंतरलेला दोरा पाठवला. मीही खुळी, वर्षभर दंडाला बांधून हिंडले.

पोर आता दहाची झाली. फोनवर मला ‘तुम्ही’ म्हणते. परक्या बाईला म्हणतात तसं.

शेवटी डहाणूला सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, छाती तपासली. मग विचारलं, “ताई, झोप लागते का? पोरीला कधी भेटलात?”

सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिथेच हमसून रडले.

“हे नाटक नाही,” त्या म्हणाल्या. “काळजीनं शरीरही आजारी पडतं. यावर औषध आहे.”

खाली पडलेला चिकू आम्ही बाजूला काढतो. वरून धड दिसतो, आतून नासतो. फळाचं एवढं कळतं मालक-मुकादमाला. माणसाचं कळत नाही.

आज सविताच्या हातून क्रेट पडलं. नवी पोरगी, तलासरीच्या पुढच्या पाड्यावरची. तान्हं घरी सासूपाशी टाकून आलेली.

“फुंक मार,” मुकादम म्हणाला.

तिने तोंड उघडलं. मी मध्ये उभी राहिले.

“तिचं तोंड हुंगायचं नाही. माझंही नाही.”

या वेळी कुणी हसलं नाही.

“उद्यापासून येऊ नको. खोली खाली कर,” तो म्हणाला.

हात अजून कापतात. खोली जाईल, हेही कळतं. तरी उद्या मी मालकाकडे जाणार, सविताला घेऊन. त्याच्यासमोर हे कापणारे हात पुढे करीन. तोंड नाही.