हळदीतली काळी रेघ

सहदेव मिस्त्रीचा कान म्हणजे कर्जतच्या पेठेत शेवटचा निकाल. आबाजीशेटच्या भाताच्या गिरणीतलं इंजिन दरवर्षी दसऱ्याआधी उघडलं जायचं. एकेक भाग रॉकेलात धुवायचा, पुसायचा, दोरीनं तुळईला टांगायचा आणि हातोडीनं हलकेच ठोकायचा. खणखणला तर धड, बद्द वाजला तर आत तडा. मिस्त्री डोळे मिटून ऐकायचा आणि "धड हाय" म्हणायचा. पुढे कुणाची बोलायची छाती नव्हती. माणूस तसा गुणी, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

आता वीस वर्षं त्या धडधडीशेजारी काढल्यावर कुणाचे कान शाबूत राहतील? सहदेवचेही राहिले नव्हते. पण हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, बायजाला. जेवायला तीन हाका मारल्या तरी तो हलायचा नाही आणि चौथीला उलट डाफरायचा, "वरडतेस कशाला गं?" बायजानं हे बाहेर कुणाला सांगितलं नाही. कानच गेला म्हटल्यावर मिस्त्रीला कोण विचारणार, हे तिला कळत होतं.

१९३२ सालची खंडेनवमी. सगळे भाग तपासून, हत्यारांसोबत चटईवर मांडले होते. पूजा बायजाच करायची, आणि तिचा हात सढळ. लोक हळदीची दोन बोटं लावतात, ही मूठभर भुरभुरवायची. इंजिनसुद्धा पिवळंधमक नवरदेव झालं पाहिजे, असा तिचा हट्ट.

दसऱ्याच्या सकाळी ती झेंडूची माळ घेऊन आली आणि थबकली. दट्ट्याला चाकाशी जोडणाऱ्या जाड दांड्यावर, हळदीत एक काळी रेघ उमटली होती. केसाएवढी बारीक. तिनं पदरानं हळद पुसली, पुन्हा टाकली आणि बसून राहिली. घटकाभरानं रेघ परत तिथंच. चिरेत मुरलेलं तेल बाहेर येऊन हळद भिजवत होतं.

"अवो, ह्यो दांडा चिरलाय," ती मिस्त्रीच्या कानाशी जाऊन म्हणाली.

"तुला काय कळतं? मी वाजवून बघितलाय. धड हाय."

"तुमी वाजवलात. पर ऐकलात का?"

सहदेवचा चेहरा पडला. मला विचाराल तर त्या माणसाला एवढं लागलेलं आयुष्यात दुसरं काही नसेल.

तोवर आबाजीशेट पेढे घेऊन हजर. भाग जोडून दुपारी गिरणी सुरू करायचा मुहूर्त, निम्मी पेठ जमलेली. चांगो ठाकर बाह्या सरसावून उभा, कारण चाक फिरवून इंजिन सुरू करायचं काम त्याचं. दांडा तुटला असता तर पहिला घाव त्याच्यावरच. सहदेवनं एकदा चांगोकडं पाहिलं, एकदा रेघेकडं. मग उत्तरपूजेची वाट न बघता त्यानं पुजलेली छिन्नी उचलली. बायका "अगं बाई!" म्हणाल्या. त्यानं कपाळाला हात लावून देवीची माफी मागितली आणि रेघेवरून छिन्नी चालवली. धड लोखंडाचा छिलका एकसंध निघतो. हा निघाला तो मधोमध दुभंगून, दोन तुकड्यांत.

 मिस्त्रीच बोलला, आणि मोठ्यानं. "शेट, आज गिरनी चालू व्हनार नाय. चूक माजी. कान गेलेत माजे."

आबाजीशेटनी छिलक्याचे दोन्ही तुकडे उचलून पाहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, आधी सांगितलं असतंत तर पेढे उद्या आणले असते. आता आणलेत तर खा!" चांगोनं एकट्यानं सात खाल्ले. म्हणाला, "जीव वाचला म्हंजे भूक लागती रं!"

आठ दिवसांनी मुंबईहून नवा दांडा आला. सहदेवनं तो दोन्ही हातांत धरला, पण तुळईकडं गेला नाही. भर दुपारी, सगळी पेठ बघत असताना, तो खांद्यावर घेऊन घरी आला आणि उंबऱ्यापाशी थांबला.

"बायजा, हात मोकळा हाय का? ह्यो जरा बघून दे."

बायजानं हळदीचा डबा काढला. "घटकाभर बसा. घाई केली तर रेघ दिसत नाय."

बायकोच्या हाकेला कधी वेळेवर न उठलेला तो मिस्त्री तिच्या एका शब्दावर खाली बसला.