तारबाबूंची काळी टोपली

बदनापूरला समुद्र नाही, हे आमच्या अण्णांना कोणीतरी एकदा नीट समोर बसवून सांगायला हवं होतं. आईनं सांगून पाहिलं, पण बायकोचं सांगणं मनावर घ्यायचं नाही असा त्या काळच्या पुरुषांचा नेमच होता.

अण्णा, म्हणजे मुकुंदराव, निजामाच्या राज्यात बदनापूर स्टेशनावर तारबाबू होते. दुसरं महायुद्ध अजून लागायचं होतं. वैशाख सरत आला की तिकडे समुद्रात वादळं उठायला लागत आणि इकडे स्टेशनांना इशाऱ्याची तार येई. तार रेल्वेपुरती असे: रुळांवर नजर ठेवा, पुलांपाशी गस्त वाढवा. गावाला सांगा असं तिच्यात कधी नसे, सांगू नका असंही नसे. अण्णांना तेवढी फट पुरली.

लग्नानंतर त्यांची नेमणूक काही काळ बेजवाड्याला, म्हणजे आताच्या विजयवाड्याला होती. तिथून ते आईला समुद्र दाखवायला मच्छलीपट्टणला घेऊन गेले होते. आई समुद्र बघत होती आणि अण्णा बंदरावरच्या खांबाकडे बघत होते. वादळाची खूण म्हणून त्या खांबावर काळे गोळे चढवतात आणि ते दिसले की कोळी नावा ओढून घेतात, हे त्यांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. बदनापूरला बदली होताच त्यांनी आईची भाकरीची दुरडी उचलली, तिला डांबर फासलं आणि स्टेशनामागं उंच बांबू रोवून त्याला कप्पी लावली. वादळाची तार आली की टोपली वर. आई पुढे कितीतरी दिवस परातीत भाकरी टाकताना त्या दुरडीच्या नावानं बोलत असे.

गाव आधी हसलं, मग त्याला सवय झाली. टोपली दिसली की बायका कुरडया-पापडांचं वाळवण आत घेत, माणसं कडब्याच्या गंजीला दोर आवळत. वादळ आमच्यापर्यंत येईतो त्यात फारसा जीव उरत नसे. पुष्कळदा ते येतच नसे. मुलगी म्हणून मी कितीही पांघरूण घातलं तरी अण्णांची टोपली चुकायचीच जास्त.

तिच्यावर सगळ्यांत जास्त भरवसा होता तो गोजरबाईचा. ही म्हातारी रुळांपलीकडे कुडाच्या छपरात एकटी राहायची आणि फलाटावर फुटाणे विकायची. टोपली वर गेली की शेळी आणि बोचकं घेऊन ती स्टेशनाच्या मालगोदामात मुक्कामाला येई. "बाबू, आले बरं का," अशी तिची हाक येई. ती ऐकल्याशिवाय अण्णा जेवायला बसत नसत.

एका वर्षी धर्मराज पाटलांच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. मांडव स्टेशनाजवळच्या मळ्यात होता. ऐन हळदीच्या दिवशी तार आली आणि टोपली चढली. पाटलांनी मांडव उतरवला, वऱ्हाड मारुतीच्या देवळात दाटीवाटीनं बसवलं. वादळ वाट बदलून गुजरातकडे गेलं, आमच्याकडे पानही हललं नाही. देवळात घामानं निथळणारं वऱ्हाड चिडलं. नवऱ्या मुलाच्या मामानं तर बांबूकडे बोट दाखवून, शुभकार्यावर काळं टांगलं म्हणून पाटलांना चारचौघांत बोल लावला.

दुसऱ्या दिवशी पाटील स्टेशनावर आले. ते ओरडले असते तर अण्णांना सोपं गेलं असतं.

"बाबू, तुमच्या मनात वाईट न्हाई, मला ठावं हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पन माझी लेक तिथं नांदायला गेली. तिला ह्याच्यावरून बोलनी बसतील. ते काळं आता गावावर नगं."

अण्णांनी टोपली उतरवली. आईनं ती घासून पाहिली, डांबर निघेना, म्हणून तिच्यात गोवऱ्या भरून ठेवल्या.

पुढच्या वर्षी ज्येष्ठाच्या तोंडाशी पुन्हा तार आली. अण्णांनी गस्तीचा निरोप तातडीनं पाठवला, मग घरी येऊन गोवऱ्यांच्या टोपलीपाशी उभे राहिले. गावात तेव्हाही एक मांडव पडलेला होता.

"लावताय का?" आईनं विचारलं.

"पुन्हा नाही आलं तर?" अण्णा म्हणाले आणि टोपलीला हात न लावता कामावर परत गेले.

या खेपेला ते आलं. दिवस मावळायच्या आधीच अंधारलं, वारा लिंबाच्या फांद्या मोडत सुटला आणि पाऊस आडवा बसू लागला. अण्णा गोजरबाईच्या हाकेकडे कान लावून होते. हाक आली नाही, तसे ते अनवाणीच रूळ ओलांडून धावले. छप्पर जमिनीला टेकलं होतं. शेळी मेली होती आणि आढं म्हातारीच्या पायावर पडलं होतं. अण्णांची आरोळी ऐकून पाटील आणि त्यांचे गडी आले, सगळ्यांनी मिळून तिला बाहेर काढलं आणि मालगोदामात आणून निजवलं.

"आजी, तुम्ही आला का नाहीत?" अण्णांनी विचारलं.

"दोनदा बघितलं की बांबूकडं," गोजरबाई कण्हत म्हणाली. "टोपली नव्हती. म्हनलं, बाबू ध्यान ठेवून राह्यलाय, काही असतं तर लावली असती. मंग बिनघोर बसले."

अण्णा खालीच बसले. टोपली उतरवली म्हणजे आपण गप्प झालो, असं ते धरून चालले होते. रिकामा बांबू रोज त्या म्हातारीला "काही भीती नाही" असं सांगत होता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तार आली होती, आजी," ते म्हणाले. "मीच लावली नाही. लोक नावं ठेवतील म्हणून." आणि पाटलांच्या, गड्यांच्या, आम्हा सगळ्यांच्या देखत ते रडायला लागले.

मला वाटलं, आता ही शिव्या देणार. द्यायला हव्या होत्या, मी दिल्या असत्या. गोजरबाईनं हात लांबवून त्यांच्या ओल्या पाठीवर ठेवला.

"येड्या, तुझी टोपली बराबर असती म्हनून मी येत होते का?" ती म्हणाली. "कोनीतरी बोलावून राह्यलंय म्हनून येत होते."

पाटील मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी पुढे तिला मातीच्या भिंतींचं घर बांधून दिलं. पाय मात्र सरळ झाला नाही.

काही वर्षांनी पाटलांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, मांडव त्याच मळ्यात पडला आणि हळदीच्या दिवशी तार आली. अण्णांनी गोवऱ्या ओतल्या आणि टोपली हातात घेऊन ते थेट लग्नघरी गेले. ते काळं पाहून ओव्या म्हणणाऱ्या बायका मागं सरकल्या. नव्या व्याह्यांकडची माणसं बघत होती.

"सांगायला आलोय," अण्णा म्हणाले. "येईल की नाही, मला ठाऊक नाही. पण मी लावणार आहे."

पाटलांची बायको सोनूबाई उठली. नवरीला हळद लावता लावता हात भरला होता, तसाच तो तिनं टोपलीवर दाबला. वर कुंकवाची बोटं ओढली.

"आता हिला काळी कोन म्हनंल?" ती म्हणाली. "लावा, बाबू."

टोपली चढली, मांडव उतरला, वऱ्हाड पुन्हा देवळात जाऊन बसलं. गोजरबाई लंगडत आली आणि देवळाच्या दाराशी आल्याची हाक देऊन पायरीवर टेकली. वादळ आलं नाही. लख्ख ऊन पडलं, देवळात सगळे घामाघूम झाले आणि अण्णा पंगतीच्या टोकाला मान वर न करता जेवत राहिले.

पाटील बुंदी वाढत त्यांच्यापाशी येऊन थांबले.

"बाबू, औंदाबी चुकले तुमी."

"चुकलो," अण्णा म्हणाले.

"बरं झालं," पाटील म्हणाले आणि त्यांच्या पानात आणखी बुंदी वाढली.